शाईची पार्श्वभूमी डागाळते, फुटते, काळवंडते? या चुका टाळा

राखी पौर्णिमेची शुभेच्छापत्रे करायला घ्यावीत, तर कोल्हापुरात नेमके तेच दिवस पावसाच्या झडीचे असतात. उन्हाळ्यात बघता बघता वाळणारा शाईचा थर या दमट हवेत बराच वेळ ओला राहतो आणि तो वाळला असे समजून घाईने केलेले पुढचे काम आधीच्या मेहनतीवर पाणी फिरवते. पार्श्वभूमी बिघडली की शाईला किंवा रंगसंगतीला दोष दिला जातो. माझ्या मते मूळ चूक बहुधा कागदाचा ओलावा न ओळखण्यात असते.

तो ओळखण्यासाठी पार्श्वभूमीकरता पाण्याने ओला केलेला कागद डोळ्यांच्या पातळीवर तिरपा धरून पाहावा. पाणी साचून चमकत असेल, तर टाकलेली शाई हवी तशी न थांबता वाहत जाते. चमक मंदावून साटीनसारखी झाली की शाई मऊ कडांनी पसरते आणि ठिपक्यांचा पोत उमटवण्यासाठी मीठ टाकण्याचीही हीच वेळ असते. चमक गेली, पण हाताच्या पाठीला कागद थंड लागतो, अशा अवस्थेत त्याला अजिबात हात लावू नये, कारण तेव्हा पडलेला पाण्याचा एक थेंबही अर्धवट वाळलेला रंग बाहेर ढकलतो आणि फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वेडीवाकडी कडा उमटते. पावसाळ्यात डब्यातले मीठच ओलसर असते. ते तव्यावर कोरडे करून, पूर्ण थंड झाल्यावर वापरावे. केस वाळवण्याचे यंत्र जवळ धरल्यास ओली शाई ओघळते, म्हणून चमक गेल्यावरच ते फूटभर अंतरावरून फिरवत वापरावे.

कागदात काटकसर करू नये. साधा कार्डशीट पाण्याने फुगतो आणि घासल्यावर त्याचे तंतू सुटतात. ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा) जलरंगाचा जाड कागद चारही बाजूंनी मास्किंग टेपने पाटीवर चिकटवला, तर तो फारसा वाकत नाही. टेप मात्र कागद पूर्ण वाळल्यावर, बाहेरच्या दिशेने आणि हळू काढावी.

रंकाळा तलावावरची संध्याकाळ रंगवण्याचा मोह इथे अनेकांना होतो आणि तिथेच रंग काळवंडतात. नारिंगी व निळा हे परस्परविरोधी रंग असल्यामुळे ते ओल्यात मिसळले की मातकट तपकिरी होतात. दोहोंमध्ये गुलाबी रंगाचा पट्टा ठेवावा. तो निळ्याशी मिसळून जांभळा आणि नारिंगीशी मिसळून उबदार लालसर होतो, म्हणजे आकाश स्वच्छ राहते. रंग जुळले की ब्रश थांबवावा. पुन्हा पुन्हा फिरवल्याने तजेला जातो.

फाउंटन पेनची शाई बहुधा वाळल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळते, तर वॉटरप्रूफ शाई एकदा वाळली की हलत नाही. हा फरक लक्षात न घेता वर दुसरा ओला थर दिला, तर खालचा रंग उचलला जातो. प्रत्येक शाईचा ठिपका त्याच कागदाच्या तुकड्यावर वाळवून त्यावर पाण्याचा थेंब टाकून पाहावा. विरघळणाऱ्या शाईवर पातळ डिंकही लावू नये. शुभेच्छेचा मजकूर वेगळ्या कागदावर लिहून तो दुहेरी चिकटपट्टीने लावावा, म्हणजे अक्षरे फुटत नाहीत आणि कार्डही सपाट राहते.