कलेच्या इतिहासावरचा जाडजूड ग्रंथ कसा वाचावा

कलेवरचा अभ्यासग्रंथ हाती घेणाऱ्याला दोन सल्ले हमखास मिळतात: पहिल्या पानापासून क्रमाने वाचा, आणि आधी सगळ्या संज्ञा समजून घ्या. दोन्ही सोडून द्या. क्रमाने वाचणारे दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात अडकून पुस्तक मिटतात, आणि संज्ञा चित्रं बघता बघता कळत जातात.

आधी ग्रंथाचं वय बघा. पुनर्मुद्रणाचं साल फसवं असतं, पहिल्या आवृत्तीचं शोधा. सतराव्या शतकातला डच चित्रकार रेम्ब्रांट याच्या नावावरच्या चित्रांची नव्याने छाननी करणारा प्रकल्प १९६८ साली सुरू झाला आणि त्यानंतरच्या काळात कितीतरी चित्रं त्याच्या नावावरून उतरली. बर्लिनमधलं सोनेरी शिरस्त्राणवाल्या माणसाचं गाजलेलं चित्रही त्यांत गेलं. त्याआधीच्या ग्रंथात याच चित्रावरून रेम्ब्रांटची थोरवी सांगितलेली असेल, तर ती कशावर उभी आहे हे तुम्हाला ठाऊक हवं.

मग प्रस्तावना आणि शेवटचं प्रकरण वाचून लेखकाचा मुद्दा एका वाक्यात वहीत उतरवा.

आता खरा अवघड टप्पा. लेखक चित्राबद्दल जे म्हणतो ते चित्रात आहे का, हे ताडून बघायचं. मला हेच सगळ्यांत जड गेलं, कारण कसलेल्या लेखकाचं वर्णन एकदा वाचलं की डोळे तेवढंच बघतात. त्याने ‘चेहऱ्यावर विषाद’ म्हटलं की विषाद दिसलाच म्हणून समजा. म्हणून क्रम उलटा करा. मजकुरात चित्राचा क्रमांक आला की वाचन तिथेच थांबवा, चित्रपान उघडा आणि दोन-तीन मिनिटं नुसतं बघा. उजेड कुठून येतो, कोण कुणाकडे बघतंय, हात काय करताहेत, कडेला काय अर्धवट राहिलंय. दिसलं ते तीन-चार ओळींत लिहा आणि मगच लेखकाकडे वळा. तुमच्या टिपणात नसलेलं काही त्याने सांगितलं, तर पुन्हा चित्राकडे जा. तरीही दिसलं नाही, तर वहीत प्रश्नचिन्ह टाका. लेखक मोठा आहे म्हणून ते खोडू नका.

चित्राखालची ओळ वगळणाऱ्यांचा मला राग येतो. तिथे माप दिलेलं असतं. छापील पानावर सगळी चित्रं एकाच आकाराची होऊन बसतात. मोनालिसा जेमतेम ७७ बाय ५३ सेंटीमीटर आहे, आणि पिकासोचं गेर्निका पावणेआठ मीटर रुंद. पुस्तकात दोन्ही अर्ध्या अर्ध्या पानावर! मापाची टेप घ्या, भिंतीवर खुणा करा आणि तेवढ्या जागेसमोर उभं राहा. लेखक भव्यतेबद्दल किंवा जवळिकीबद्दल बोलतो तेव्हा तो कशाबद्दल बोलतोय हे त्याशिवाय कळत नाही.

चित्र आज जसं आहे तसंच ते काढलं गेलं होतं का, हेही विचारा. रेम्ब्रांटचं ‘नाइट वॉच’, म्हणजे शहराच्या रक्षकदलाचं समूहचित्र, १६४२ सालचं. १७१५ मध्ये ते अॅमस्टरडॅमच्या नगरभवनात हलवलं, तिथल्या जागेत मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं, आणि डावीकडे सर्वांत जास्त. आज कॅप्टन आणि त्याचा लेफ्टनंट चित्राच्या जवळजवळ मध्यभागी उभे दिसतात. गेरिट लुंडेन्सने कापण्याआधी केलेली छोटी नक्कल उपलब्ध आहे. तीत हे दोघे उजवीकडे सरकलेले आहेत, आणि सगळा जमाव डावीकडच्या मोकळ्या जागेत चाल करून निघाल्यासारखा वाटतो. कुणी ‘नायक मध्यभागी’ या आधारावर पानंच्या पानं लिहिली असतील, तर त्याने हे कापणं हिशेबात धरलंय का ते बघा. धरलं नसेल, तर तो युक्तिवाद रेम्ब्रांटच्या मांडणीबद्दल काहीच सिद्ध करत नाही.

तळटीपा मात्र सगळ्या वाचत बसू नका. जिथे लेखक कलावंताच्या आयुष्यातला चटकदार प्रसंग सांगतो, तिथली तळटीप हटकून उघडा. इटलीतल्या कास्तान्यो या चित्रकाराने मत्सरापोटी डोमेनिको वेनेझियानो या दुसऱ्या चित्रकाराचा खून केला, ही हकिगत चरित्रकार वसारीने सोळाव्या शतकात कलावंतांच्या चरित्रांत लिहिली आणि ती पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली गेली. कास्तान्यो १४५७ मध्ये वारला; डोमेनिको १४६१ मध्ये. तळटीप करारपत्राकडे, हिशेबवहीकडे किंवा मृत्युनोंदीकडे नेत असेल तर विश्वास ठेवा. ती फक्त दुसऱ्या चरित्राकडे नेत असेल, तर प्रसंग ऐकीव समजा.

उरलेली प्रकरणं हवी त्या क्रमाने वाचा. संपल्यावर त्याच चित्रकारावर वेगळं मत मांडणारा दुसरा ग्रंथ घ्या, आणि वहीतली प्रश्नचिन्हं समोर ठेवून त्यातली तीच चित्रं आधी उघडा.