तेलाच्या बॉयलरला लाकडाची जोड देताय? या चुका टाळा

घर गरम ठेवणाऱ्या तेलाच्या बॉयलरसोबत लाकडाचा बॉयलर, म्हणजे भट्टी, जोडताना एक फरक लक्षात ठेवा. तेलाचा बर्नर बटण दाबलं की विझतो. लाकूड विझत नाही. ही एवढीच गोष्ट लोक विसरतात आणि मग वर्षानुवर्षं त्याच त्या चुका बघाव्या लागतात.

सगळ्यात घातक चूक म्हणजे वीज गेल्यावर काय होईल याचा विचार न करणं. आमच्याकडे पहिल्याच हिवाळ्यात मी झोपण्याआधी भट्टी ओंडक्यांनी गच्च भरली आणि मध्यरात्री वीज गेली. गरम पाणी घरभर फिरवणारा पंप थांबला, आग मात्र चालूच. पाण्याच्या तापमानाचा काटा ८५ अंशांवरून शंभराच्या पुढे सरकला. पाइपांत कोणी हातोडी मारतंय असे ठोके पडू लागले आणि सेफ्टी व्हॉल्व्ह उघडून वाफ सुटली. व्हॉल्व्हची नळी जमिनीकडे वळवलेली होती म्हणून मी भाजलो नाही. जादा उष्णता पंपाशिवाय, आपोआप वर चढून जावी यासाठी वरच्या मजल्यावरच्या रेडिएटरला (गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या पॅनेलला) वेगळी लाइन होती. वीज गेली की तिचा व्हॉल्व्ह स्वतःहून उघडतो. पण बसवणाऱ्याने त्याच लाइनवर हाताने फिरवायचा आणखी एक कॉक टाकला होता आणि तो बंद होता!

आता दर हिवाळ्याच्या सुरुवातीला मी लहानसा जाळ करतो, मेन स्विच पाडतो आणि त्या पाइपला हात लावून बघतो. गरम झाला, तरच पुढे भट्टी भरायची. सेफ्टी व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याला बूच मारणारे मी पाहिलेत. कृपा करून असं करू नका. तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणीही सोडू नका. हवेची झडप बंद करा आणि थांबा.

दुसरं, ओलं लाकूड. ताज्या तोडीच्या लाकडात जवळजवळ निम्मं वजन पाण्याचं असतं. जाळायला २० टक्क्यांच्या आत हवं. ओकसारख्या टणक लाकडाला फोडून, रचून, बाजू उघड्या ठेवून दोन वर्षं द्यावी लागतात. घाई असलेले लोक ओलावा मोजायचा मीटर सालीला टेकवून खूश होतात. ओंडका फोडा आणि आतल्या ताज्या बाजूला टोचा. ओलं लाकूड भरून रात्रभर झडप आवळून ठेवली की चिमणीत काळं, चकचकीत डांबर बसतं. नखाने खरवडलं तर काचेसारखं तुकड्यांनी निघतं, आणि पेटलं की चिमणीच पेटते. रेडिएटरांतून बॉयलरकडे परत येणारं पाणी ५५ अंशांच्या खाली असलं तरी भट्टीच्या भिंतींवर हेच होतं, म्हणून परतीच्या पाण्यात गरम पाणी मिसळणाऱ्या मिक्सिंग व्हॉल्व्हचे पैसे वाचवू नका.

थर्मोस्टॅट: लाकडाचा ८० अंशांवर, तेलाचा ६० वर. दोन्ही सारख्यावर ठेवले तर तेल फुकट जळतं. तेलाच्या बॉयलरला चेक व्हॉल्व्ह (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारा) नसेल तर लाकडाची ऊब त्याच्यातून फिरून त्याच्याच चिमणीतून निघून जाते.

दोघांना चिमणी एकच? नाही. वेगवेगळ्या.

कोळसा फक्त त्यासाठी बनवलेल्या जाळीवरच. त्याला हवा खालून लागते. वरून ढोसू नका, खालून जाळी हलवा आणि राखेच्या ट्रेमध्ये लाल ठिणग्या पडू लागल्या की थांबा. ट्रे भरून वाहू दिला तर जाळी वाकते. नवा कोळसा टाकल्या टाकल्या झडप बंद केली तर कार्बन मोनॉक्साइड घरात शिरू शकतो. अलार्म झोपायच्या खोलीजवळ हवाच.

राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर. निखारे आत दिवसचे दिवस जिवंत राहतात.