फोबजिखाला विद्यार्थी न्यायचे तर : तयारीची यादी

सुरुवात तिकिटांपासून करू नका. भूतानच्या फोबजिखा खोऱ्यात दोन आठवड्यांचा अभ्यासवर्ग घ्यायचा असेल, तर सगळ्यात आधी एक पत्र लिहायचं. क्रौंचांच्या संरक्षणासाठी तिथे बरीच वर्षं काम करणाऱ्या रॉयल सोसायटी फॉर प्रोटेक्शन ऑफ नेचर या संस्थेला आणि तिथल्या गेवोगच्या (म्हणजे साधारण आपल्या ग्रामपंचायतीच्या) गुपला (सरपंचाला), निदान वर्षभर आधी. त्यात एकच प्रश्न विचारायचा : तुमच्या कुठल्या कामाला माणसं कमी पडतात? अभ्यासक्रम उत्तर आल्यावर लिहायला घ्यायचा.

उत्तर क्रौंचांबद्दल नसेल, याची मनाची तयारी ठेवा. आपण जातो ते थ्रुंग थ्रुंग कर्मोसाठी, म्हणजे तिबेटच्या पठारावरून ऑक्टोबरअखेर येणाऱ्या आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये परतणाऱ्या काळ्या मानेच्या क्रौंचासाठी. खोऱ्यातल्या पाणथळ जागेला २०१६ साली रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता) मिळाला. क्रौंचांना अडथळा नको म्हणून खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या आहेत. पण गावाचं पोट बटाट्यावर आहे. रानडुकरं शेतात शिरतात, भटकी कुत्री वाढतात, पर्यटकांच्या मागे कचरा उरतो. गावाने डुकरांच्या नुकसानीची शेतवार नोंद मागितली, तर तोच आपला प्रकल्प. क्रौंचांची गणना तिथली माणसं वर्षानुवर्षं करत आली आहेत. त्यांनी बोलावलं तर हाताखाली उभं राहा, स्वतःची वेगळी गणना मांडू नका.

तारखा ठरवताना सगळ्यात जास्त ओढाताण होते. दिवाळीची सुट्टी आपल्याला सोयीची, पण तेव्हा क्रौंच नुकते यायला लागलेले असतात. ११ नोव्हेंबरला गांगतेच्या मठाच्या अंगणात क्रौंच महोत्सव असतो. तो पाहावासा वाटणारच, मात्र त्या दिवसांत पाहुण्यांची गर्दी असते आणि त्यात आपले बारा-चौदा जण घुसवण्यात गावाचं काहीच भलं नाही. डिसेंबर-जानेवारीत थंडी कडक, काही कुटुंबं खालच्या भागात उतरलेली. मग उरतात नोव्हेंबरचे शेवटचे दोन आठवडे आणि नेमक्या तेव्हाच आपल्याकडे सत्र परीक्षा. माझं मत स्पष्ट आहे : आपलं वेळापत्रक हलवा. जून महिन्यातच प्राचार्य आणि परीक्षा विभागाशी बोला, लेखी परवानगी घ्या. भूतानचं शालेय वर्ष डिसेंबरात संपतं, त्यामुळे तिथल्या शाळेत जायचं असेल तर मुख्याध्यापकांना विचारूनच जा. परीक्षेच्या तोंडावर मुलांना आपल्यापुढे नाचायला लावू नका.

गट बारा-चौदाचा पुरे. एका घरात दोघं-तिघं राहतील आणि घरच्या बाईला रोजच्या कामातून उसंत मिळेल, एवढंच ओझं द्यायचं. राहण्या-जेवणाचे पैसे थेट त्या घराच्या हाती पडतील, असं आधीच ठरवून घ्या आणि घासाघीस करू नका. भारतीय पाहुण्याला शाश्वत विकास शुल्क माणशी, रात्रीमागे १,२०० न्गुल्त्रुम पडतं आणि न्गुल्त्रुम आपल्या रुपयाच्याच किमतीचा. चौदा जण बारा रात्री म्हणजे २ लाख १ हजार ६०० रुपये. निघण्याआधी दर पुन्हा तपासा आणि पालकांना पहिल्याच बैठकीत हा आकडा सांगा. यातून सरकार निसर्ग आणि लोकांच्या सोयींवर खर्च करतं, हेही सांगा. ज्यांना झेपणार नाही त्यांच्यासाठी निधी आधी उभा करा. नाहीतर हा अभ्यास फक्त पैसेवाल्यांचा होतो.

कागदपत्रांत एक चूक हमखास होते : आधार कार्ड चालत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. अठराव्या वर्षी मतदार नोंदणी न केलेली मुलं ऑगस्टमध्येच शोधून काढा. थिंफू-पारोच्या पुढे जायला परवाना आणि परवानाधारक वाटाड्या लागतो. पान, पीस, मातीचा नमुनासुद्धा परवानगीशिवाय उचलायचा नाही, ड्रोन घरीच ठेवायचा. प्रवास रेल्वेने न्यू जलपाईगुडी किंवा हासिमारापर्यंत, पुढे जयगाव-फुंत्शोलिंग. फुंत्शोलिंगहून एकदम वर चढू नका. खोरं सुमारे तीन हजार मीटरवर आहे, थिंफूला दोन रात्री थांबा.

सामानात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे गरम कपडे, आणि कारण फक्त थंडीचं नाही. घरात बुखारी (ऊब देणारी शेगडी) पेटते ती जंगलातल्या लाकडावर. आपण पातळ स्वेटरवर गेलो, तर आपल्यासाठी यजमान जास्त लाकूड जाळतील आणि तक्रारही करणार नाहीत. थर्मल, लोकरीचे मोजे, स्वतःची स्लीपिंग बॅग प्रत्येकाकडे हवी. जॅकेट मळकट रंगाचं. पाण्याची बाटली, स्टीलचा डबा, आणि आपला कचरा परत आणायला कापडी पिशवी. मुलींशी सॅनिटरी पॅडबद्दल आधीच मोकळेपणाने बोला, वापरलेले पॅडही परत आणायचे आहेत.

घरात कसं वावरायचं, हे वर्गात शिकवून येत नाही. त्यासाठी आदल्या मार्चमध्ये दोन रात्री कोकणातल्या वेळासला न्या. कासवांची पिल्लं समुद्राकडे जाताना पाहायला लोक येतात आणि गावकऱ्यांच्या घरी राहतात, जेवतात. ताट उचलणं, पाणी जपून वापरणं, फ्लॅश बंद ठेवणं, पिल्लू बाहेर आलं नाही तर कुरकुर न करणं, हे तिथे समजतं. ज्याला वेळासला जमलं नाही त्याला फोबजिखालाही जमणार नाही, निवड तिथेच करा. 'कुझुझांगपो ला' आणि 'कादिंचे ला' हे नमस्कार आणि आभाराचे शब्द पाठ करून जा.

परतल्यावरचं काम निघण्यापूर्वीच वाटून द्या : नोंदींची स्वच्छ प्रत कोण करणार, ती गुपकडे आणि संस्थेकडे कोण पाठवणार, घरमालकांचे फोटो छापून कोण धाडणार. मुदत जानेवारीअखेर, कारण बटाट्याची पुढची लागवड त्यानंतर सुरू होते आणि डुकरांची नोंद त्याआधी हातात पडली तरच तिचा उपयोग. गुणपत्रिकेतले वीस गुण या नोंदी पोचल्याच्या पावतीवर ठेवा. आणि पुढच्या वर्षीही याच खोऱ्यात यायचं, असं ठरवा. नवा देश शोधू नका, कारण एका वर्षाच्या नोंदीवरून शेतकऱ्याला कुंपण कुठे घालावं ते कळत नाही.