माशाच्या अंगावरील श्लेष्माची जिवाणूरोधक क्षमता प्रयोगशाळेत कशी तपासावी

गोड्या पाण्यातील मासा ज्या बुळबुळीत थरामुळे हातातून निसटतो, तो श्लेष्माचा थर त्वचेतील गॉब्लेट पेशी सतत स्रवत असतात. त्यात शर्करायुक्त म्युसिन प्रथिने प्रामुख्याने असली तरी लायसोझाइम, लेक्टिन (शर्करेला चिकटणारी प्रथिने), प्रथिने तोडणारी विकरे (एन्झाइम), प्रतिपिंडे आणि जिवाणूंना मारणारी लहान पेप्टाइडेही (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या) त्यात आढळतात. १९९८ साली एका आशियाई कॅटफिशच्या जखमी त्वचेच्या श्लेष्मातून पॅरासिन-१ हे अवघ्या १९ अमिनो आम्लांचे पेप्टाइड वेगळे करण्यात आले आणि ते हिस्टोन या केंद्रकातील प्रथिनाचाच तुटलेला तुकडा असल्याचे दिसून आले. नाशिकमधील सूक्ष्मजीवशास्त्राच्या किंवा प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी हा विषय सोयीचा आहे. मात्र पेट्री प्लेटवर नमुन्याभोवती जिवाणू न वाढल्याने दिसणारे पारदर्शक वलय मिळवणे फारसे अवघड नसून, ते वलय श्लेष्मामुळेच पडले आहे हे दाखवणे अवघड असते. पुढील कृतीत म्हणूनच नियंत्रण नमुन्यांना, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या नमुन्यांना, मुख्य नमुन्याइतकेच महत्त्व दिले आहे.

प्रथम महाविद्यालयाच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घ्यावी. मासा जिवंतच हवा, कारण बर्फावर ठेवलेल्या माशाच्या अंगावर वितळलेले पाणी, इतर माशांचे रक्त आणि बाहेरचे जिवाणू मिसळलेले असतात. मरळ आणि मागूर हे मासे हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्याने बाजारात टबमध्ये जिवंत मिळतात. रोहू किंवा कटला हवा असल्यास शेततळ्यावरून थेट आणणे बरे. निसटू नये म्हणून माशाला राख किंवा मीठ चोळण्याची पद्धत आहे, तसे न करण्याविषयी विक्रेत्याला आधीच सांगावे. मागूर घेताना प्राणिशास्त्राच्या शिक्षकांकडून जातीची खात्री करून घ्यावी, कारण दिसायला तसाच असलेल्या आफ्रिकन मागुराच्या संवर्धनावर देशात बंदी आहे. रामकुंडावरून मासा घेऊ नये हे वेगळे सांगायला नको. नांदूर मध्यमेश्वर हे तर अभयारण्य आणि रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असल्याने तेथून परवानगीशिवाय काहीही आणता येत नाही.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन माशाच्या कल्ल्यांना व त्वचेला इजा करते, त्यामुळे टाकीतील पाणी हवा सोडत किमान एक दिवस उघडे ठेवून मगच वापरावे. मासा साधारण दोन आठवडे टाकीत स्थिरावू द्यावा आणि श्लेष्मा घेण्यापूर्वी २४ तास त्याला खाद्य देऊ नये, म्हणजे विष्ठेमुळे नमुना दूषित होण्याचा धोका कमी होतो.

बधिर करण्यासाठी लवंग तेल सहज मिळते. एक भाग तेल नऊ भाग इथेनॉलमध्ये मिसळून त्या मिश्रणाचे सुमारे अर्धा मिलिलीटर प्रत्येक लीटर पाण्यात घातल्यास तेलाचे प्रमाण लीटरला ५० मिलिग्रॅमच्या आसपास येते. येथेच प्रयोगातला सर्वांत फसवा भाग सुरू होतो, कारण लवंगेतील युजेनॉल हे स्वतःच उत्तम जिवाणूरोधक आहे. बधिर झालेला मासा निर्जंतुक केलेल्या थंड पाण्यातून दोनदा अलगद काढावा आणि लवंग तेलाचे ते बधिरीकरणाचे पाणी शेवटच्या प्लेटवर स्वतंत्र नमुना म्हणून तपासावे. हा नमुना नसेल तर दिसलेले वलय माशाचे की लवंगेचे, या परीक्षकाच्या प्रश्नाला उत्तर देता येणार नाही.

मासा ओल्या, निर्जंतुक कापडावर ठेवून डोक्यामागून शेपटीकडे, फक्त पाठीच्या बाजूने, बोथट प्लास्टिक स्पॅट्युलाने हलक्या हाताने श्लेष्मा ओढून घ्यावा. पोटाची बाजू आणि गुदद्वाराजवळचा भाग टाळावा. खवले निघता कामा नयेत, आणि नमुन्यात गुलाबी छटा आल्यास तो टाकून द्यावा, कारण रक्तातही लायसोझाइम आणि इतर संरक्षक प्रथिने असतात. हे सर्व मिनिटभरात आटोपून मासा हवा सोडलेल्या स्वच्छ पाण्यात परत ठेवावा. नमुन्याची नळी लगेच बर्फात ठेवावी, कारण श्लेष्मातील विकरे उबेत त्यातील पेप्टाइडेच तोडू लागतात.

गोळा केलेल्या श्लेष्मात तितकेच थंड ०.८५ टक्के सलाइन मिसळून ते ४ अंश सेल्सिअसला मिनिटाला १०,००० फेऱ्यांनी २० मिनिटे सेंट्रिफ्यूज करावे आणि वरचा निवळ भाग आधी ०.४५, मग ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून काढावा. थेट बारीक गाळणी वापरली तर ती चोंदते. गाळलेल्या द्रवाचा एक थेंब न्यूट्रियंट अगारवर टाकून त्यात जिवाणू उरले नाहीत ना, हे पाहावे. ब्रॅडफर्ड या रंगबदलावर आधारित पद्धतीने प्रथिनांचे प्रमाण मोजून सर्व नमुने एकाच पातळीवर आणावेत, नाही तर दोन जातींची तुलना निरर्थक ठरते. पेप्टाइडे मिळवण्यासाठी श्लेष्माचा दुसरा भाग १० टक्के ॲसिटिक आम्लात काढून, सुकवून, सलाइनमध्ये पुन्हा विरघळवता येतो. मात्र उरलेले आम्लही वलय पाडते, म्हणून पीएच उदासीन करून घ्यावा आणि श्लेष्मा न घालता त्याच पायऱ्यांतून गेलेले आम्ल सोबत तपासावे.

चाचणीसाठी सुमारे ४ मिलिमीटर जाडीचा म्युलर-हिंटन अगार (अशा चाचण्यांसाठीचे प्रमाणित वाढमाध्यम) घ्यावा. मायक्रोकॉकस ल्युटियस, बॅसिलस सबटिलिस आणि प्रयोगशाळेतील निरुपद्रवी ई. कोलाय यांचे ०.५ मॅकफार्लंड (जिवाणूंच्या संख्येचा अंदाज देणारे गढूळपणाचे प्रमाण) इतक्या गढूळपणाचे द्रावण कापसाच्या बोळ्याने अगारवर पसरावे. त्यात ६ मिलिमीटरच्या विहिरी पाडून प्रत्येकीत ५० मायक्रोलीटर नमुना भरावा. श्लेष्मा, दहा मिनिटे उकळलेला श्लेष्मा, नुसते सलाइन, लवंगेचे पाणी आणि आम्लाचे नियंत्रण यांच्याबरोबर १० मायक्रोग्रॅमची जेंटामायसिनची चकती ठेवावी. ई. कोलाय ३७ अंशांना, तर मायक्रोकॉकस ३० अंशांना वाढवून दुसऱ्या दिवशी वलयाचा व्यास मोजावा. प्रत्येक चाचणी तीनदा करावी.

मायक्रोकॉकसवर वलय पडले आणि ई. कोलायवर नाही, तर लायसोझाइमचा संशय घ्यावा. हे विकर जिवाणूंची पेप्टिडोग्लायकनची भिंत तोडते आणि ई. कोलायसारख्या ग्राम-ऋण जिवाणूंची ती भिंत बाह्य पटलामागे दडलेली असते. उकळल्यावरही क्षमता टिकली, तर लहान पेप्टाइडांची शक्यता वाढते. मात्र आम्लधर्मी द्रावणात लायसोझाइमही उष्णता बऱ्यापैकी सोसते, त्यामुळे एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. वलय न दिसणे म्हणजे क्षमता नसणे, असेही नाही. धनप्रभारित पेप्टाइडे अगारच्या ऋणप्रभारित गटांना चिकटून जागेवरच राहतात, म्हणून तोच नमुना ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये जिवाणूंसह द्रव माध्यमात ठेवून ६०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने गढूळपणा, म्हणजेच जिवाणूंची वाढ, मोजावा. माझ्या मते सोय असल्यास ही चाचणी वलयाच्या चाचणीपेक्षा अधिक विश्वासार्ह आहे.

आग्नेय आशियात मरळ मासा जखम लवकर भरावी म्हणून खाल्ला जातो, परंतु त्यावरून कच्चा श्लेष्मा जखमेवर लावण्याचा विचार कोणीही करू नये. त्यात एरोमोनास हायड्रोफिलासारखे जिवाणू असू शकतात. वापरलेल्या प्लेट १२१ अंशांना २० मिनिटे ऑटोक्लेव्ह करूनच टाकाव्यात, आणि बाजारातून आणलेला मासा प्रयोगानंतर गोदावरीत किंवा गंगापूर धरणात सोडू नये.