नीट झाली, आता एमबीबीएसची जागा हातची जाऊ देऊ नका

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा निकाल लागला की घरोघरी कटऑफची चर्चा सुरू होते आणि कागदपत्रांची फाईल कपाटातच पडून राहते. गुण पुरेसे असूनही महाराष्ट्रात जागा जाते ती सहसा दोन कारणांनी: एखादा दाखला अपुरा निघतो, नाहीतर पसंतीक्रम घाईत भरलेला असतो. दोन्ही गोष्टी आपल्या हातातल्या आहेत.

आधी हे पक्कं करा की अर्ज दोन ठिकाणी करायचा आहे. सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के अखिल भारतीय जागा, एम्स आणि अभिमत (डीम्ड) विद्यापीठं दिल्लीची एमसीसी, म्हणजे केंद्राची वैद्यकीय समुपदेशन समिती, भरते. सरकारी कॉलेजांतल्या राज्याच्या ८५ टक्के जागा आणि राज्यातली खासगी कॉलेजं राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप (केंद्रीय प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांतून भरतात. एकीकडची नोंदणी दुसरीकडे चालत नाही. अखिल भारतीय कोट्यासाठी खुल्या वर्गाला १०,००० आणि राखीव वर्गाला ५,००० रुपये अनामत भरावी लागते. अभिमत विद्यापीठांसाठी ती २ लाख आहे, त्यामुळे 'असू दे, तेही टिक करून ठेवू' असं करू नका.

राज्याच्या कोट्यासाठी अधिवास प्रमाणपत्र हवंच, शिवाय दहावी आणि बारावी दोन्ही महाराष्ट्रातून झालेली हवी. कोचिंगसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात किंवा हैदराबादला जाऊन बारावी तिथल्याच शाळेतून दिली, तर राज्याचा हा कोटा हातचा जातो. बदलीची नोकरी असलेले सरकारी कर्मचारी आणि सैन्यदलातल्यांच्या मुलांसाठी काही अपवाद आहेत, पण त्याचे पुरावे वेगळे लागतात. मराठवाडा, विदर्भ वगैरे विभागांचा ७०:३० चा कोटा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) २०२० मध्येच रद्द झाला. जुने कटऑफ बघताना हे विसरू नका.

फाईलमध्ये काय अडतं

नावापासून सुरुवात करा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असतं, आधार कार्डावर नाव आधी असतं आणि जातीच्या दाखल्यावर तिसरंच स्पेलिंग. नीटचा अर्ज दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणेच भरलेला हवा. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर प्रतिज्ञापत्र करून ठेवा, आणि नावच बदललं असेल तर राजपत्राची प्रत हवी.

राखीव जागेसाठी लागणाऱ्या जात वैधता प्रमाणपत्राला महिने लागतात. जिल्हा पडताळणी समितीकडे कॉलेजमार्फत अर्ज अकरावीतच टाकावा. वडिलांच्या किंवा काकांच्या नावची वैधता आधीच असेल तर काम लवकर होतं. वैधता वेळेत सादर झाली नाही तर उमेदवार थेट खुल्या यादीत जातो, आणि तिथे त्याच गुणांना सरकारी कॉलेज मिळेलच असं नाही.

नॉन-क्रिमीलेअरवर (ओबीसीसारख्या प्रवर्गांना लागणारा उत्पन्नमर्यादेचा दाखला) मुदतीची तारीख छापलेली असते, ३१ मार्चची. नीट मे महिन्यात होते, म्हणजे ऐन प्रवेशाच्या वेळी कित्येकांचा दाखला नुकताच संपलेला असतो. एप्रिल उजाडला की सेतू केंद्रात जाऊन नवा काढा. एमसीसीसाठी ओबीसीचा केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा लागतो, ईडब्ल्यूएसचाही (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक). एसईबीसी (मराठा आरक्षणाचा) प्रवर्ग केंद्राच्या यादीत नाही, तिथे तो धरून चालू नका.

बारावीनंतर एखादं वर्ष ड्रॉप घेतला असेल तर त्या गॅपचं प्रतिज्ञापत्र, ठरलेल्या नमुन्यातलं वैद्यकीय प्रमाणपत्र आणि कॉलेज सोडल्याचा दाखला हेही लागतं. स्कॅन मूळ कागदाचे आणि रंगीत करा. झेरॉक्सचा स्कॅन छाननीत परत येतो.

पसंतीक्रम

यादी कटऑफप्रमाणे न लावता इच्छेप्रमाणे लावा. संगणक गुणवत्तेने एकेका उमेदवाराची यादी वरून खाली वाचतो आणि जी पहिली जागा रिकामी दिसेल ती देतो. मुंबईचं केईएम किंवा पुण्याचं बीजे वर लिहिल्याने खालच्या कॉलेजातली तुमची संधी रतीभरही कमी होत नाही. 'मिळणारं आधी लिहू' या समजुतीने मात्र चांगलं कॉलेज हातोहात जातं.

जे कॉलेज मिळालं तरी जाणार नाही किंवा ज्याची फी झेपणार नाही, ते लिहूच नका. पुढच्या फेरीत तर जास्त जपा: वरचं कॉलेज मिळालं की आधीची जागा आपोआप रद्द होते, परत मागता येत नाही. म्हणून हातात असलेल्या कॉलेजपेक्षा खरोखर चांगली वाटणारीच नावं तेव्हा भरा. मिळालेली जागाच हवी असेल तर स्टेटस रिटेन्शन फॉर्म भरून मोकळे व्हा. कोणत्या फेरीत जागा सोडली तर बाहेर पडावं लागतं याचे नियम दरवर्षी त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतच बघा, सिनिअरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नको.

जागा मिळाल्यावर हजर व्हायला मोजकेच दिवस असतात. अनेक कॉलेजं फी डिमांड ड्राफ्टने घेतात. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद, हे धरून चला. मूळ कागद कॉलेज ठेवून घेतं, त्यामुळे साक्षांकित प्रतींचे तीन-चार संच आधीच काढा. ईडब्ल्यूएस, ओबीसी आणि एसईबीसीतल्या ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींना, प्रवेश कॅपमधून झाला असेल तर, शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे (जुलै २०२४ चा शासन निर्णय). महाडीबीटी या शासनाच्या पोर्टलवर अर्ज मात्र स्वतः करावा लागतो. सरकारी कॉलेजात बॉण्डही असतो: इंटर्नशिपनंतर एक वर्ष सेवा.

आत गेल्यावर

साडेचार वर्षं अभ्यास, मग एक वर्ष इंटर्नशिप. पहिल्या वर्षी शरीररचना, शरीरक्रिया आणि जीवरसायन. एप्रन पूर्ण बाह्यांचा शिवून घ्या, दोन तरी हवेत. हाडांचा संच विकत घेण्याआधी सिनिअरना विचारा, तो पिढ्यान्‌पिढ्या फिरत असतो. हिस्टॉलॉजीच्या (ऊतींच्या अभ्यासाच्या) जर्नलसाठी गुलाबी आणि जांभळ्या पेन्सिली लवकर संपतात, जास्तीच्या आणा.

डिसेक्शन हॉलमध्ये, म्हणजे शवविच्छेदनाच्या खोलीत, मृतदेह टिकवणाऱ्या फॉर्मलिनने डोळे चुरचुरतात. कॉन्टॅक्ट लेन्स लावून जाऊ नका, आणि उपाशीपोटी तर मुळीच नको. एखाद्याला चक्कर येते, तो बाहेर जाऊन बसतो आणि परत येतो. त्यात कुणाला काही विशेष वाटत नाही.

हजेरी थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के लागते. कमी पडली तर परीक्षेलाच बसता येत नाही. मराठी माध्यमातून आलेल्यांना पहिले दोन-तीन महिने जड जातात. अडचण विषयापेक्षा इंग्रजीत बोलण्याची असते, कारण व्हायवा तोंडी असते. रोज एक उत्तर मित्राला मोठ्याने सांगायचं, याच्याइतका दुसरा उपाय नाही. नापास झालात तर काही आठवड्यांत पुरवणी परीक्षा होते. ती सुटली की बॅच टिकते, नाहीतर ज्युनिअरबरोबर बसावं लागतं.

रॅगिंग हा महाराष्ट्रात १९९९ च्या कायद्याने गुन्हा आहे. तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२ हा क्रमांक आई-वडिलांच्या फोनमध्येही ठेवा.