मृगातल्या तेजोमेघाची पोकळी कशी पाहावी

मृग नक्षत्रातला बाण शोधा. त्याच्या दक्षिणेला फिकट ताऱ्यांची छोटी ओळ आहे. तिच्या मधला धूसर ठिपका म्हणजे एम ४२ हा तेजोमेघ, म्हणजे वायू आणि धुळीचा चमकता ढग, सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर. डोळ्यांना आधी अर्धा तास अंधाराची सवय होऊ द्या. मी हे कधीच टाळत नाही.

दुर्बिणीला आधी कमी वर्धन लावा आणि तेजोमेघाचा पंख्यासारखा आकार मनात बसवा. मग वर्धन शंभरपटीच्या आसपास न्या. मध्यभागी चार तारे चौकोनात दिसतील. हा एका कोवळ्या तारकागुच्छाचा गाभा, आणि यातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्याचे अतिनील किरण हा जवळपास सगळा देखावा उजळवतात. या किरणांनी हायड्रोजनच्या अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटतात, वायू सुमारे १०,००० अंशांपर्यंत तापतो, फुगतो आणि मागच्या थंड ढगाला कोरत जातो. ताऱ्यांचे वारेही ढकलतात. आपण पाहतो ती आपल्या बाजूला उघडी पडलेली पोकळी!

आता चौकोनाच्या आग्नेयेला नजर थोडी तिरकी ठेवा. सरळ, उजळ पट्टी जाणवते का? ती पोकळीची भिंत, कडेने दिसणारी. मला ती चौथ्या रात्री दिसली, आणि मी बराच वेळ डोळा हलवला नाही.

ताऱ्यांनी ढग कसा कोरला हे गरुड तेजोमेघ या दुसऱ्या तेजोमेघाच्या छायाचित्रातही पाहा: त्यातल्या वायू-धुळीच्या उंच खांबांची टोके कुठे वळली आहेत, तिकडे रेघ ओढा. तारकागुच्छ त्याच दिशेला सापडेल. दाट गाठींनी मागच्या वायूला सावली दिली, म्हणून तेवढेच खांब उरले.