ब्राउझरमधील सुरक्षित जोडणी: कोणते बटण चालू करावे आणि कोणत्याला हात लावू नये

इंदूरच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीतील एखाद्या कॅफेत मोकळ्या वाय-फायवर आपण संकेतस्थळ उघडतो, तेव्हा पत्त्याच्या आरंभी नुसते 'एचटीटीपी' असेल, तर तेथे भरलेला पासवर्ड त्याच वाय-फायवरील जाणकार माणसाला जसाच्या तसा वाचता येतो. 'एचटीटीपीएस' असेल, तर तोच मजकूर टीएलएस पद्धतीने कूटबद्ध होऊन, म्हणजे तिऱ्हाइताला न वाचता येणाऱ्या सांकेतिक रूपात जातो. म्हणून ब्राउझरला एचटीटीपीएसचाच आग्रह धरायला लावणे, हे पहिले काम.

क्रोममध्ये उजव्या कोपऱ्यातील तीन टिंबांतून 'सेटिंग्ज', तेथून 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी' आणि मग 'सिक्युरिटी' उघडावे व 'ऑलवेज यूज सिक्युअर कनेक्शन्स' चालू करावे. फायरफॉक्समध्ये ही सोय 2020 साली 83 व्या आवृत्तीपासून आली. तेथे 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली मोड' सर्व विंडोंसाठी निवडावा. यानंतर एखाद्या जुन्या संकेतस्थळावर इशारा आला, तर नुसते वाचण्यापुरते पुढे जाण्यास हरकत नाही, पण तेथे काहीही भरू नये.

टीएलएसच्या 1.0 (1999) आणि 1.1 (2006) या आवृत्त्या प्रमुख ब्राउझरांनी केव्हाच बाद केल्या असून आता 1.2 आणि 1.3 चालतात. कचेरीचे जुने पोर्टल उघडत नाही म्हणून फायरफॉक्सच्या 'अबाउट कॉन्फिग' या प्रगत सेटिंग्जच्या पानावर टीएलएसच्या किमान आवृत्तीचा आकडा 3 वरून 1 करण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. तेथील 3 म्हणजे टीएलएस 1.2, आणि आकडा उतरवला की ती सूट त्या एका पोर्टलपुरती न राहता सगळ्याच संकेतस्थळांना मिळते.

सेटिंग बरोबर असूनही सगळीकडे इशारे येऊ लागले, तर आधी संगणकाची तारीख पाहावी. रामबागेतील आमच्या शेजारच्या काकांचा डेस्कटॉप दर सकाळी 2009 सालात उठत असे. सुरक्षित संकेतस्थळ आपली ओळख पटवण्यासाठी ब्राउझरला डिजिटल प्रमाणपत्र दाखवते. अशा प्रत्येक प्रमाणपत्राला आरंभाची आणि अखेरची तारीख असते, त्यामुळे त्या यंत्राच्या लेखी आजचे एकही प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नव्हते. 'युअर क्लॉक इज बिहाइंड' असे क्रोम ठळक अक्षरांत सांगत होते आणि काका मात्र इंटरनेटवाल्याला फोन लावत बसले होते. संगणक बंद असतानाही घड्याळ चालू ठेवणारा, मदरबोर्डवरील नाण्याएवढा सीआर2032 सेल बदलून तारीख लावताच बँकेचे पान उघडले. विंडोज 7 मुळे त्यांचे क्रोम 109 व्या आवृत्तीवरच अडलेले आहे आणि सुरक्षेच्या नव्या दुरुस्त्या त्याला मिळत नाहीत. त्यामुळे बँकेचे व्यवहार आता त्यांनी दुसऱ्या, नव्या यंत्रावर हलवले आहेत.